परत कधी देणार?

आमच्या शाळेच्या कार्यालयात माझ्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट आहे. वरच्या तीन खणांत हजेरीपत्रके, दाखल्यांची पुस्तके आणि खात्याकडून आलेली परिपत्रके असतात. खालचा खण मात्र जप्तीचा. गेल्या तीस वर्षांत वर्गावर्गांतून गोळा झालेल्या वस्तू तिथे पडून आहेत. भोवरे, गलोली, गोट्यांची पिशवी, पैलवानांची चित्रे असलेले पत्ते, एक चिरलेली बासरी आणि पुस्तके. पुस्तके म्हणजे अर्थात चित्रकथा. गणिताच्या तासाला वहीत लपवून वाचताना सापडलेल्या. तपासणीला येणारे साहेबदेखील हा खण कधी उघडत नाहीत.

२०२४ च्या डिसेंबरात तो माझ्या नातीने उघडला. तिच्या कॉन्व्हेंट शाळेला नाताळची सुटी होती, आमच्या शाळेला नव्हती. घरी कंटाळली म्हणून माझ्याबरोबर आली आणि मी पगारपत्रकात डोके घालून बसलो असताना तिने फरशीवर सगळी पुस्तके मांडली.

"आज्जा, हे सगळं तुझं?"

"माझं नव्हे गं. पोरांचं. जप्त केलेलं."

"मग परत कधी देणार?"

मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण तो प्रश्न पगारपत्रकातल्या न जुळणाऱ्या बेरजेसारखा मागे लागला. जप्ती या शब्दातच परत देण्याचे वचन गृहीत असते. ते नसेल तर त्या कृत्याला मराठीत दुसरा आणि बराच कमी प्रतिष्ठेचा शब्द आहे. भोवरे आणि गोट्या मी वर्षअखेरीला परत करीत असे. पुस्तके मात्र केली नाहीत. का केली नाहीत, याचा विचार करण्याची वेळ निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आलेली असताना, एका सहावीतल्या मुलीमुळे माझ्यावर आली.

ही मुलगी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची नात. आमचे घर एकत्र आहे, त्यामुळे तिला दोन आजोबा आहेत, थोरला आज्जा आणि बारका आज्जा. बारका तो मी. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि गल्लीत कन्नड, अशा तिन्ही भाषा ती तीन खिशांतून नाणी काढावीत तशी सहज वापरते. चित्रकथांचे तिला वेड आहे. जानेवारीत बेंगळुरूला 'कॉमिक कॉन' नावाचा चित्रकथांचा मेळा भरणार होता, तो तिला पाहायचा होता. आईवडिलांना रजा नव्हती, थोरल्या आज्जाचे गुडघे दुखत होते. तेव्हा तिने जेवणाच्या ताटावर परस्पर जाहीर करून टाकले, "बारका आज्जा नेणार."

मी हो म्हटले. मनात माझा बेत वेगळा होता. सकाळी तासभर ती जत्रा दाखवावी आणि दुपारी विश्वेश्वरय्या संग्रहालयात घेऊन जावे. शिक्षकाचा स्वभाव सुटीतही रजेवर जात नाही. ते संग्रहालय अजून तिचे पाहायचे राहिले आहे.

हा मेळा म्हणजे काय, हे मलाही आधी समजून घ्यावे लागले. अमेरिकेत सॅन डिएगो शहरात मार्च १९७० मध्ये एका हॉटेलाच्या तळघरात शंभर-दीडशे चित्रकथाप्रेमी एक दिवस जमले. संयोजकांत काही चक्क शाळकरी वयाची मुले होती. पुढे त्याच मेळ्याला लाखाच्या वर माणसे जमू लागली. आपल्याकडे असा पहिला मेळा फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाटमध्ये भरला आणि 'अमर चित्रकथा'चे जनक अनंत पै यांना तिथे जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला. त्यानंतर पाचच दिवसांनी पै गेले. आपल्या मुलांना ग्रीक देवांची नावे येतात, पण रामाच्या आईचे नाव येत नाही, हे पाहून अस्वस्थ झालेल्या या माणसाने १९६७ मध्ये चित्रकथेचा मार्ग निवडला होता. म्हणजे शिक्षकाची काळजी त्यांनाही होतीच. फक्त त्यांनी मुलांच्या हातातले पुस्तक काढून घेतले नाही; त्याच हातात दुसरे दिले.

राणी चेन्नम्मा एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी बेंगळुरूला उतरलो. स्थानकाजवळूनच मेट्रो थेट व्हाइटफील्डकडे जाते. जसजसे ठिकाण जवळ येऊ लागले तसतसे डब्यातले प्रवासी बदलू लागले. एकाच्या पाठीला पुठ्ठ्याचे पंख होते, एकीचे केस निळे होते. एक धिप्पाड तरुण डोक्यावर शिंगे लावून शांतपणे वर्तमानपत्र वाचत होता. प्रदर्शन-संकुलाच्या दारात तर रांगच्या रांग सोंगांची. खरे सांगतो, मनात पहिली भावना आली ती तुच्छतेची. शिकली-सवरलेली, नोकरीपेशातली माणसे ही. ह्यांना हे सोंग कशासाठी हवे?

पण आम्ही बेळगावकर. आमच्या पायाखाली देश आणि घाटाखाली कोकण. लहानपणी मामाच्या गावी मी दशावतार पाहिला आहे. दिवसा शेतात नांगर धरणारा माणूस रात्री विष्णू होऊन येतो आणि त्याच्याच गावची म्हातारी त्याला हात जोडते. तिला काय ठाऊक नसते? सगळे ठाऊक असते. एकनाथांनी भारुडांत जोशी, वासुदेव, गोंधळी अशी किती सोंगे घेतली. त्यांना कोणी लबाड म्हटले नाही. लबाडीला फसणारा माणूस लागतो. जिथे सोंग घेणारा आणि पाहणारा दोघांनाही सर्व ठाऊक असते, तिथे सोंग हा एक करार असतो. घाटाखालीच कुडाळजवळ पिंगुळी गावात चित्रकथी आपल्या पोथीतली चित्रे एकामागून एक दाखवत रामायण सांगत आले. त्या परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा शिक्षकांना अभिमान वाटला होता. तेच चित्र आणि तीच गोष्ट वर्गातल्या शेवटच्या बाकावर सापडली की ती जप्त होते.

आत शिरण्यापूर्वी नातीने पिशवीतून दोन निळ्या कापडी पट्ट्या काढल्या. मधोमध चंदेरी कागद चिकटवलेला पुठ्ठा आणि त्यावर पानाची खूण. एक तिने आपल्या कपाळाला बांधली.

"आणि ही तुझी."

"माझी कशाला?"

मग तिने मला 'नारुतो'ची गोष्ट सांगितली. मासाशी किशिमोतो या जपानी चित्रकाराने १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षे चालवलेली ही चित्रकथा. नारुतो हा अनाथ पोर. गावावर संकट आणणाऱ्या एका राक्षसी कोल्ह्याला त्याच्या शरीरात कोंडलेले असते, म्हणून सारे गाव त्याला टाळते. परीक्षेत तो पुनःपुन्हा नापास होतो. उत्तीर्ण झालेल्यांना ही कपाळपट्टी मिळते, त्याला मिळत नाही. त्याचा मास्तर इरुका. ह्या इरुकाचे आईवडील त्याच कोल्ह्याने मारलेले असतात. तरीही एका प्रसंगी हा मास्तर त्या पोरासाठी स्वतः वार झेलतो.

"मग पुढं काय होतं?" मी विचारले.

"पुढं काय, स्वतःच्या कपाळावरची पट्टी काढतो आणि त्याला बांधतो. पास केलं म्हणून."

मी त्या पट्टीकडे पाहत राहिलो. तीस वर्षे मी मुलांकडून काढून घेत आलो होतो. माझ्या अंगावरचे काढून कोणाला दिल्याचे काही केल्या आठवेना.

"बांध की आज्जा. इथं तुला कोण ओळखतंय?"

बांधली. तिनेच मागून गाठ मारली, आणि चांगली घट्ट मारली.

आतले चार तास मी विद्यार्थी होतो. एका दुकानात मी एक जाडसर पुस्तक उचलून चाळू लागलो, तर ती हळूच म्हणाली, "आज्जा, उलटं धरलंयस." जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. आपण ज्याला शेवटचे पान म्हणतो ते त्यांचे पहिले. कोणत्या पात्राचा कोण भाऊ, कोण कोणाचा वैरी, हे मी तीनदा चुकलो. ती मला एकदाही हसली नाही. चौथ्यांदा त्याच उत्साहाने सांगितले. आमच्या वर्गात चुकीचे उत्तर देणाऱ्याला इतका मान मिळत नाही, हे मी माझ्या शाळेविषयीच लिहितो आहे.

सीमाभागातला माणूस कोठेही गेला तरी आधी पाटीची लिपी पाहतो. ती आमची खोड म्हणा, नाही तर जुनी जखम. तिथे बहुतेक सारे इंग्रजीत होते. एका टेबलावर अभिजीत किणी यांच्या 'अँग्री मौशी'चा अंक दिसला आणि रोमन लिपीत का होईना, 'मौशी' हा शब्द वाचून घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. पुढे एका कोपऱ्यात पंचविशीतला एक कन्नड तरुण स्वतः काढलेली आणि स्वतःच छापलेली चित्रकथा घेऊन बसला होता. गिऱ्हाईक नव्हते. नातीने त्याला कन्नडमध्ये विचारले, मूठ कशी काढायची? माझी चुकते. त्याने कागद ओढला आणि पंधरा मिनिटे तिला शिकवले. आधी बोटे काढायची नाहीत, आधी चौकोन काढायचा, मग त्याला घड्या पाडायच्या. शिकवण्याची हातोटी मी लगेच ओळखली. त्याने मला विचारले, तुम्ही चित्रकार का? मी म्हटले, "मेष्ट्रु." मास्तर. त्याने माझ्या कपाळाकडे पाहिले आणि उभा राहून हसत नमस्कार केला, "इरुका!" ज्या दोन भाषांच्या भांडणात माझी उमेद गेली, त्या दोन भाषांतली आम्ही दोन माणसे एका जपानी मास्तराच्या नावावर हसलो. प्रश्न सुटला असे मी म्हणत नाही. हसलो एवढे खरे.

आणि मग जुन्या अंकांचे दुकान आले. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत एकेक अंक देवासारखा ठेवलेला. त्यात 'इंद्रजाल कॉमिक्स' होते. १९६४ मध्ये सुरू होऊन १९९० मध्ये बंद पडलेली ही मालिका माझ्या पिढीला सांगायला नको. वेताळ, मँड्रेक आणि पुढे १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी आणलेला आपल्या मातीतला बहादूर. १९७९ साली मी दहा वर्षांचा होतो. खडेबाजारात एक म्हातारा गोणपाटावर जुनी पुस्तके मांडून बसे आणि दहा पैशांत एक अंक दिवसभर वाचायला देई. चिंचेच्या झाडाखाली बसून मी डेंकालीच्या जंगलात किती वेळा गेलो असेन, त्याला गणती नाही. मधल्या सुटीत आम्ही बॉलपेनने बोटावर कवटीची अंगठी काढायचो आणि घरी जाण्यापूर्वी थुंकी लावून पुसायचो.

त्या दुकानासमोर मी उभा राहिलो आणि मला १९९६ सालचा आठवी 'ब' चा वर्ग आठवला.

नोकरीला लागून तीन वर्षे झाली होती. शिस्तीचा शिक्षक म्हणून नाव होऊ लागले होते. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाच्या मांडीवर मला अंक सापडला. वेताळाचाच. कोपरे झिजलेला, भाड्याने आणलेला. मुखपृष्ठ मी पाहताक्षणी ओळखले, कारण तो अंक मी स्वतः वाचला होता. मुलाला वाटले, मी तो कपाटात ठेवीन. मी तो वर्गासमोर उभा फाडला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. मला वाटले, भांडायला आली. ती भाजी विकून संसार चालवणारी बाई हात जोडून म्हणाली, "बरं केलंसा गुरुजी. असंच पाहिजे." पुस्तकवाल्याची भरपाई तिनेच केली, हे मला पुढे कळले. माझी शिक्षा लागू पडली. त्या मुलाजवळ पुन्हा कधीही चित्रकथा सापडली नाही. पुढे काही वर्षांनी ग्रंथालयाची जुनी नोंदवही चाळताना माझ्या लक्षात आले, की दहावीपर्यंतच्या दोन वर्षांत त्याच्या नावापुढे एकाही पुस्तकाची नोंद नव्हती. त्याला मीच कारण, असे म्हणणे म्हणजे स्वतःला फार महत्त्व देणे होईल. मुले अनेक कारणांनी वाचायची थांबतात. पण मी कारण नव्हतो, असेही मला म्हणवत नाही.

असे करणारा मी पहिला नव्हतो. ऑक्टोबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात स्पेन्सर नावाच्या गावी शाळकरी मुलांकडूनच सुमारे २००० चित्रकथा गोळा करून त्यांची होळी करण्यात आली. शिक्षक आणि पालक कौतुकाने उभे होते. १९५४ साली फ्रेडरिक वर्दम या मनोविकारतज्ज्ञाने चित्रकथा मुलांना गुन्हेगार बनवतात असे सांगणारे पुस्तक लिहिले. सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. पुढे कॅरोल टिली या अभ्यासक बाईंनी वर्दमची मूळ टिपणे तपासली आणि २०१२ मध्ये दाखवून दिले, की त्याने मुलांच्या हकीकती सोयीप्रमाणे वळवल्या, जोडल्या आणि गाळल्या होत्या. वर्दम दुष्ट नव्हता. हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्याने अत्यल्प मोबदल्यात दवाखाना चालवला होता. मुलांचे भले त्याला खरोखरच हवे होते. मला अस्वस्थ करते ते हेच. मुलांचे भले इच्छिणारा माणूस मुलांचे म्हणणे ऐकताना इतका बहिरा कसा होतो?

याच्या उलट एक उदाहरण आमच्याच व्यवसायात आहे आणि ते मला अगदी उशिरा कळले. आधुनिक चित्रकथेचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतात तो रोदोल्फ तोप्फर जिनिव्हात मुलांची निवासी शाळा चालवीत होता. म्हणजे आमच्यासारखा हेडमास्तर. १८२७ च्या सुमारास तो विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी चित्रांतून गोष्टी रचू लागला. शाकुंतलावर लुब्ध झालेल्या त्याच गटेने उतारवयात ही चित्रे पाहिली आणि मनापासून वाखाणली. तरीही आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल म्हणून तोप्फर ती छापायला कचरत होता. अखेर १८३३ पासून ती छापली गेली. कपाळावर पुठ्ठ्याची पट्टी बांधून हिंडताना मला त्या हेडमास्तराचा संकोच चांगला कळला.

आता मूळ प्रश्न. मुलांच्या आवडींत उच्च-नीच ठरवण्याचा अधिकार मोठ्यांना आहे की नाही? एम.ए.ला असताना आम्ही मिल शिकलो. सर्व सुखे सारख्या प्रतीची नसतात, काही वरच्या दर्जाची असतात, असे तो १८६१ साली मांडतो. दर्जा कोणी ठरवायचा? तर ज्याने दोन्ही सुखे चाखली आहेत त्याने. हा निकष मी परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते. वर्गात मी न्यायाधीश झालो तेव्हा तोच निकष माझ्या बाजूने होता, कारण ज्ञानेश्वरीही मी वाचली होती आणि वेताळही. पण न्यायासनावर बसताना मी माझी अर्धी साक्ष दडपली. चिंचेखालचा दहा वर्षांचा मुलगा मी साक्षीला बोलावलाच नाही. तो आला असता तर म्हणाला असता, की वाचनाची गोडी मला इथेच लागली. वेताळ संपला म्हणून मी नाथमाधवांकडे गेलो, तिथून हरिभाऊंकडे. जिन्याची पहिली पायरी खालची असते हे खरे. पण वर पोहोचलेल्याने ती खालची म्हणून तोडून टाकली, तर मागून येणाऱ्याने काय करावे?

मिलच्या स्वतःच्या आयुष्यातही एक धडा आहे. त्याच्या वडिलांनी त्याला तिसऱ्या वर्षापासून ग्रीक शिकवले आणि त्याने काय वाचावे, काय शिकावे, हे अतिशय काळजीपूर्वक ठरवले. विसाव्या वर्षी, १८२६ साली, या मुलाचे मन एकाएकी कोरडे पडले. ज्यासाठी जगायचे असे शिकवले होते त्यातून आनंदच वाटेना. पुढे त्याला ओलावा मिळाला तो वर्ड्‌स्वर्थच्या कवितेत. ती त्याची त्याला सापडली होती.

मग काय, मुलांना मोकळे सोडून द्यायचे? तसेही मला वाटत नाही. त्या सभागृहात एका दुकानाबाहेर रक्तमांसाची भडक चित्रे टांगली होती. तिथून मी नातीला हात धरून पुढे नेले. ती कुरकुरली, पण आली. हा हक्क मी सोडणार नाही. आणि हा सगळा मेळा म्हणजे निरागस आनंद आहे, असेही मी मानत नाही. तिथला अर्ध्याहून अधिक भाग बाजार होता. मुलांच्या प्रेमाला किमतीची चिठ्ठी लावलेली होती.

त्या बाजारानेच माझी परीक्षा घेतली. नातीजवळ वाढदिवसाचे साठवलेले पैसे होते. त्यांत एक तर त्या नारुतोची वीतभर प्लॅस्टिकची बाहुली येत होती, नाही तर तीन पुस्तके, आणि त्यांपैकी एक त्या कन्नड तरुणाचे. मी तिला एकदाच, पण स्पष्ट सांगितले, की बाहुली तीन पुस्तकांएवढी महाग आहे आणि मला स्वतःला पुस्तके घ्यावीत असे वाटते. ती बराच वेळ दोन्हींकडे पाहत उभी राहिली आणि तिने बाहुली घेतली. मला वाईट वाटले, हे लपवत नाही. गोष्ट बोधपर असती तर तिने पुस्तके घेतली असती. पण मला पटेल तेच निवडण्याचे स्वातंत्र्य दिले, तर ते स्वातंत्र्य माझेच राहते, तिचे नाही. एकदा सांगणे हे माझे काम होते. दुसऱ्यांदा सांगितले असते तर ती माझ्या इच्छेने घेतलेली पुस्तके झाली असती, आणि तशी पुस्तके मुले कशी ठेवतात हे आमच्या ग्रंथालयाच्या कपाटांवरची धूळ सांगते. त्या तरुणाचे पुस्तक मी माझ्या पैशांनी माझ्यासाठी घेतले. कन्नड वाचायला मला वेळ लागतो. अजून वाचतो आहे.

परतताना दाराशी हाक आली, "सर? तुम्ही, इथं?" खांद्यावर पोर घेतलेला चाळिशीकडे झुकलेला गृहस्थ. माझाच विद्यार्थी, बेळगावची निम्मी हुशार मुले आता बेंगळुरूतच असतात. माझा हात पहिल्यांदा कपाळाकडे गेला. पट्टी सुटेना. तो वाकून नमस्कार करून हसत म्हणाला, "सर, आमची पुस्तकं अजून हाईत काय हो त्या कपाटात? माझा एक चाचा चौधरी होता." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे वाटले असते. मी म्हटले, "आहेत. पाठवून देतो." तो म्हणाला, "राहू दे सर. शाळेच्या पोरांना वाचायला द्या."

बेळगावला आल्यावर मी आणि नातीने रविवारी तो खण रिकामा केला. ४३ पुस्तके निघाली. ज्यांचे मालक आठवले त्यांना निरोप धाडले. सातजण येऊन आपापली घेऊन गेले, त्यांतल्या दोघांची मुले आमच्याच शाळेत आहेत. बाकीची ग्रंथालयात स्वतंत्र फळीवर ठेवली. गणिताच्या तासाला चित्रकथा वाचायला आजही परवानगी नाही. सापडली तर काढून घेतो आणि शाळा सुटताना परत देतो. एवढा बदल कोणाला क्षुल्लक वाटेल. तो करायला मला तीस वर्षे लागली.

एक पुस्तक मात्र त्या खणात नव्हतेच, कारण ते मी फाडले होते. त्या मुलाचे आता गावात मोटर वाइंडिंगचे दुकान आहे. मी रस्त्याने गेलो की हातातले काम थांबवून "नमस्कार सर" म्हणतो. तो अंक मी जुन्या पुस्तकवाल्यांकडे शोधतो आहे. अजून मिळालेला नाही. नातीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पुस्तक नाही मिळालं तर नुसतं जा की. सॉरी म्हणायला पुस्तक कशाला लागतंय?"

दिवाळीच्या सुटीत जायचे ठरवले आहे. पाडव्याला पूजेसाठी त्याचे दुकान उघडे असते. काय बोलायचे ते ठरलेले नाही. कदाचित त्याला काही आठवतही नसेल आणि तो मला बसायला खुर्ची देऊन चहा मागवील. पण ठरवल्यापासून पोटात गोळा येतो आहे. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभ्या केलेल्या मुलाच्या पोटात येतो, तसा.